बासरी तडकली? थांबा, टाकू नका!



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जरा गारवा असतो; पण घाटाखाली, जळगाव जामोदकडे, मे महिन्यात पत्रे नुसते भाजतात. अशा पत्र्याखाली बासरी टांगून ठेवली, की ती तडकलीच समजा. जूनमध्ये शाळा उघडली आणि एक पोरगं तशीच बासरी घेऊन रडवेलं उभं राहिलं. पंधरा ऑगस्टला वाजवायची होती. "सर, सातपुड्यातल्या बांबूची नवी करू?"

नाही जमत रे! कोरड्या डोंगरातला हा मानवेल पुष्कळदा आतून जवळजवळ भरीव असतो. बासरीला पातळ सालीचा, लांब पेऱ्यांचा पोकळ बांबू लागतो. तो बहुतेक आसामकडून येतो. तेव्हा जुनीच दुरुस्त करायची.

आधी फट शोधा. सहाही भोकं बोटांनी आणि उघडं टोक तळहातानं बंद करा. फुंकायच्या भोकाला ओठ लावून हवा आत ओढा. सुर्र झालं, की गळती आहे! फटीत लाकडाचा डिंक भरा, वरून मेण लावलेला दोरा शेजारी शेजारी घट्ट गुंडाळा. रात्रभर हात लावायचा नाही.

आता सूर. आधी पाच मिनिटं वाजवा. श्वासानं आतली हवा गरम होते आणि सूर थोडा चढतो. गार बासरीवर घाईनं निकाल देऊ नका. मग वरची तीन भोकं बंद करून 'सा' वाजवा आणि पेटीशी ताडून पाहा. उतरलाय? मग चौथ्या भोकाची फुंकीकडची कड पेन्सिलीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं घासा. दोनच फेरे, की पुन्हा वाजवा. चढलाय? त्याच कडेला मेणाचा ठिपका लावा. भोक मोठं झालं की सूर चढतो, लहान झालं की उतरतो. पण घासलेला बांबू परत येत नाही बरं का! मी एकदा तिसरं भोक कानशीनं घासलं. 'रे' असा चढला, की अर्धं भोक मेणानं बुजवावं लागलं.

त्या पोराचा 'सा' चार दिवसांत जागेवर आला. 'ग' अजून किंचित चढा आहे. पण तो म्हणतो, "राहू द्या सर, मी हळू फुंकतो." खरंच, हळू फुंकलं की सूर जरा उतरतो.

आणि हो, मेण लावलेली बासरी उन्हात ठेवू नका. मेण वितळलं, की सूर पुन्हा चढला!