तलावाकाठचे जाते

भोपाळला आपल्यापैकी बहुतेकांचे जाणे होते ते लग्नकार्याच्या, कचेरीतील कामाच्या किंवा मुलांच्या परीक्षेच्या निमित्ताने. काम आटोपले आणि गाडीला दोन-तीन तास अवकाश उरला, की पावले आपोआप मोठ्या तलावाकडे वळतात. नौकाविहार होतो, भाजलेले कणीस खाऊन होते, सूर्यास्त पाहून होतो. आणि भोपाळ पाहिले अशी मनाशी नोंद करून आपण इंदूरला परततो. आम्हीही कित्येक वर्षे भोपाळ असेच पाहत आलो.

हा तलाव मुळात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नव्हे. परमार राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीला बांध घालून तो निर्माण केला, असे परंपरा सांगते. आजही शहराच्या मोठ्या भागाची तहान तोच भागवतो. वर्गात भोपाळचे नाव निघाले की १७३७-३८ साली बाजीरावांनी येथे निजामाला नमविले, तेवढे आम्ही रंगवून सांगत असू. परंतु १८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, चार बेगमांनी या संस्थानाचा कारभार केला, हे घाईनेच उरकत असू. कुदसिया बेगमेने १८२० साली उभारलेला गौहर महाल तलावाच्या काठी आजही उभा आहे. शाहजहान बेगमेने आरंभिलेली ताज-उल-मसाजिद पैशाअभावी अपुरी राहिली होती. १९७१ साली पुन्हा हाती घेतलेले ते काम १९८५ साली पुरे झाले.

गतवर्षी आमच्या शाळेची सहल भोपाळला नेण्याचा योग आला, तेव्हा आम्ही तलाव शेवटी ठेवला आणि प्रथम मुलांना भारत भवनात नेले. १९८२ साली उघडलेली ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. रस्त्यावरून पाहिले तर इमारत अशी काही दिसतच नाही. पायऱ्या आणि अंगणे एकेक टप्प्याने तलावाच्या दिशेने उतरत जातात. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी येथील कलादालनात शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांना शेजारी शेजारी, एकाच मानाने बसविले. पाटनगढ या खेड्यात घराच्या भिंती रंगविणारा जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण येथे आला आणि त्याची चित्रे देशोदेशी गेली. आदिवासी चित्राखाली चित्रकाराचे नाव लिहिण्याची रीत जेव्हा फारशी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. आम्ही मुलांना सांगितले, "चित्र पाहिल्यावर खालचे नावही वाचा."

दुसऱ्या दिवशी श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयात गेलो. सुमारे दोनशे एकरांच्या या आवारात देशाच्या कानाकोपऱ्यांतील घरे उभी आहेत. संथाळांचे घर संथाळांनी, राठव्यांचे राठव्यांनी, आपापल्या हातांनी बांधले. त्यांतील एका घराच्या कोपऱ्यात दगडी जाते होते. नववीतली एक मुलगी तेथे थबकली. आडनाव अस्सल मराठी, घर आमच्याच गल्लीतले. तिने विचारले, "सर, यह क्या है?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच देपालपूरकडचा एक मुलगा पुढे सरसावला. "घट्टी है," म्हणाला. खाली बसून, खुंटा धरल्याचा अभिनय करीत त्याने दाणे कोठे टाकायचे, पीठ कोठून पडते, सारे दाखविले. त्याच्या आजीच्या घरी ती अजून होती. मुलीने कुतूहलाने ऐकले आणि आमच्याकडे वळून विचारले, "आपल्यात याला काय म्हणतात?"

"जाते," आम्ही म्हणालो, आणि पुढचे शब्द घशातच राहिले.

कारण आमच्या आईचे जाते आम्हीच घराबाहेर काढले होते. वाडा सोडून नव्या घरात आलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर ते जड दगड कोण चढवील, असा प्रश्न होता. आईने फक्त एवढेच म्हटले, "राहू दे हो, आता कोण दळतंय." थोरल्या बहिणीच्या लग्नाची हळद त्याच जात्यावर दळली गेली होती. आई दळताना ओव्या म्हणत असे. आम्ही मराठीचे एम.ए.; ओवी-वाङ्मयावर परीक्षेत पाने भरून उत्तरे लिहिली. परंतु आईची एकही ओवी आम्ही कधी उतरवून घेतली नाही. आज आई नाही, आणि जाते कोणास दिले तेही आठवत नाही.

परतीच्या वाटेवर २०१३ साली सुरू झालेले जनजातीय संग्रहालय पाहिले. गोंड, भील, बैगा, कोरकू इत्यादी समाजांच्या कलावंतांनीच तेथील दालने घडविली आहेत. देपालपूरचा तो मुलगा तेथे आमच्यापुढे चालत होता, आणि ती मुलगी त्याला एकेका वस्तूचे नाव विचारीत होती. आम्ही मध्ये बोललो नाही.

वाचकहो, भोपाळला जाल तेव्हा तलाव अवश्य पाहा; परंतु या तीन स्थळांसाठी एक पुरा दिवस राखून ठेवा. सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी ती बंद असतात. आणखी एक दिवस हाताशी असल्यास भीमबेटका गाठावे. तेथील प्राचीन चित्रे १९५७ साली जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्या उज्जैनचे, हे मुलांना मुद्दाम सांगावे.

आणि घरी परतल्यावर वडीलधाऱ्यांपाशी बसून एक वही उघडावी. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलो. आपले माजघर कोणी टेकडीवर उभारून ठेवलेले नाही. ज्यांच्या घरी जाते आहे त्यांनी ते जपावे. ज्यांच्या घरी केवळ आई आहे, त्यांनी आज रात्रीच तिला एखादी ओवी विचारावी.