झाडू एक, पगार दोन

१५ एप्रिलच्या पहाटे, जयंतीची मिरवणूक संपून डीजे गप्प झाले की नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरचे पाण्याचे पाऊच आणि फटाक्यांचा कागद कोण उचलतं? आपलीच माणसं. त्यांत एखादा कायम कामगार, बाकी ठेकेदाराचे. रस्ता तोच, झाडू तोच, मुकादमही तोच. एकाला वेतनश्रेणी, महागाई भत्ता, रजा. दुसऱ्याला ठेकेदार देईल तेवढं आणि देईल तेव्हा.

हा प्रश्न कामगार संघटनांचा, चळवळीचा नव्हे, असं आमच्यातलेच काहीजण म्हणतात. मग १९३० च्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ बाबासाहेबांनी कशासाठी काढला? ७ नोव्हेंबर १९३८ चा संप कशासाठी केला? एप्रिल १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचं विधेयक कुणासाठी मांडलं? सफाईत आपल्याला जातीने ढकललं. त्याच कामाला पेन्शन, भत्ते मिळू लागले, तेव्हा कंत्राट आलं. ठेकेदाराकडे बिंदुनामावली नसते. म्हणजे घाण जातीनुसार वाट्याला, आरक्षण मात्र गायब.

कायदा आपल्या बाजूने बोललेला आहे. पंजाबच्या जगजित सिंग खटल्यात २६ ऑक्टोबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हंगामी कर्मचारी कायम माणसाचंच काम करत असेल तर त्याला त्या वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यावं लागेल. मग अडतं कुठे? ठेकेदारापाशी. महापालिका म्हणते, हा माणूस आमचा नाहीच! म्हणून पगाराच्या आधी भांडण मालक कोण यावर करावं लागतं.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने नेमकं हेच केलं. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये ती कंत्राटं दिखाऊ ठरवली. महापालिका हायकोर्टात हरली, आणि ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टानेही २७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. तरीही पुढे कित्येकजण नावाच्या स्पेलिंगवरून लटकले. स्पेलिंगवरून!

गाझियाबादच्या महापालिकेने २००५ मध्ये आपल्या माळ्यांना तोंडी काढून टाकलं होतं. ३१ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला आणि मागचा ५० टक्के पगार द्यायला लावला. २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल तिथे चालली नाही. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती प्रसन्न वराळे होते, औरंगाबादेत वकिली केलेले.

आता थोडं कडू. ठेकेदार कधीकधी निळा गमछा घालूनच येतो. जयंतीला सगळ्यात मोठी वर्गणी त्याचीच असते. त्याच्या पैशावर डीजे लावायचा आणि त्याच्या कामगाराच्या दोन-दोन महिने थकलेल्या पगारावर गप्प बसायचं, हे आम्हाला जमणार नाही. ज्यांना जमतं त्यांनी बाबासाहेबांचा फोटो जरा जपून वापरावा.

कोर्टात भाषण चालत नाही, कागद चालतो. म्हणून तरुणांनो, वस्तीत बसून कागद गोळा करा. हजेरीपत्रकाचा मोबाईलवरचा फोटो, पीएफचा नंबर, बँकेचं पासबुक, मुकादमाने व्हॉट्सॲपवर लावलेली ड्युटी, महापालिकेचं नाव असलेलं ओळखपत्र किंवा जॅकेटसुद्धा. काम कुणाच्या हुकमाने चालतं, हे त्यातूनच दिसतं. माहिती अधिकारात ठेक्याचा करारनामा आणि बिलं मागवा, आणि कामगारामागे किती पैसे उचलले ते हातात पडलेल्या पगाराशेजारी मांडा. आधार आणि हजेरीतलं नाव आत्ताच जुळवून घ्या, मुंबईकरांनी त्याची किंमत मोजली आहे.

हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला, आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या पुढे. तारखेला गेलेल्या बाईचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. यंदाच्या वर्गणीतून हा रोज आणि हे भाडं बाजूला काढण्याचा ठराव प्रत्येक जयंती मंडळाने पहिल्याच बैठकीत करावा, डीजेची सुपारी देण्याआधी.

जय भीम.