जुना पीसी टीव्हीला जोडताय? आधी त्याची ‘पिढी’ बघा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. त्यामुळे ऑफिसांनी काढून टाकलेले त्याआधीचे मिनी पीसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत स्वस्तात मिळतात. असा पीसी टीव्हीला जोडून घरचं थिएटर करायची कल्पना चांगलीच आहे. पण दुकानदार कौतुकाने दाखवतो ती रॅम. बघायला हवी ती पिढी. ‘आय५-७५००’ मधला डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी.

इथे कॉम्प्युटरचं मुख्य काम एकच, व्हिडिओ उलगडणं. फोरके व्हिडिओ एचईव्हीसी, व्हीपी९ अशा पद्धतींनी दाबून पाठवलेला असतो. तो उलगडणारं सर्किट चिपमध्येच असेल तर मशीनचा पंखा ऐकूही येत नाही. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, चित्र अडखळतं आणि सिनेमाभर पंख्याची घरघर ऐकावी लागते. या दोन्ही पद्धतींसाठी, १०-बिट एचईव्हीसीसकट, पक्की सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीत आली. म्हणून चार पैसे वाचवायला सहावी पिढी घेऊ नये.

यूट्यूब, लग्नाचे व्हिडिओ, हार्ड डिस्कवरचे सिनेमे यांना सातवी पिढी पुरते. त्यावर मोफत लिनक्स आणि ‘कोडी’ टाकलं की विंडोजची चिंताही मिटते.

गोची होते ती पैसे भरून घेतलेल्या ओटीटीची. नेटफ्लिक्सचं फोरके कॉम्प्युटरवर ठरावीक जुळणीतच दिसतं: विंडोज, एज ब्राउझर किंवा त्यांचं अ‍ॅप, सातव्या पिढीपासूनची चिप आणि एचडीसीपी २.२ चालणारा टीव्ही. लिनक्सवर ते मिळतच नाही. म्हणजे सुरक्षिततेसाठी लिनक्स घेतलं की फोरके जातं, वर्गणी मात्र तेवढीच राहते. (कॉपी रोखायच्या या कुलपांचा त्रास चोराला कमी, प्रामाणिक ग्राहकाला जास्त!) घरात फक्त ओटीटीच बघत असतील, तर पीसीच्या फंदात न पडता टीव्हीला लावायची स्टिक घेतलेली बरी. दोन्ही हवं असेल तर आठवी पिढी शोधावी.

आणि मागचं पोर्ट तपासावं. ऑफिसच्या पीसीला अनेकदा एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. साध्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरने फोरके बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवरच अडकतं आणि क्रिकेटमध्ये चेंडू उड्या मारत जातो. ६० फ्रेमसाठी ‘अ‍ॅक्टिव्ह’ अ‍ॅडॉप्टर मागून घ्यावा.