घरात विस्मरणाचा आजार असेल तर...



निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागात हिंडताना पिकापाण्याचे बोलणे संपले की हल्ली एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. पंचेचाळीस-पन्नाशीचे कर्ते शेतकरी तो हळूच, बाजूला घेऊन विचारतात : "आजीला तसे झाले होते, आता वडिलांनाही झाले आहे. साहेब, आमचीही पाळी येणार का?"

'तसे' म्हणजे काय, ते सर्वांना ठाऊक असते. वडील जेवून उठतात आणि घटकाभराने "मला कोणी वाढलेच नाही" म्हणतात. रात्री उठून मोटर चालू करायला निघतात. ज्या मळ्यात हयात गेली, त्या मळ्याची वाट चुकतात. कांद्याचे पैसे कोणाला दिले ते आठवत नाही, आणि घरातल्या सुनेवर आळ येतो. गावात याला म्हातारचळ म्हणतात. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून लोक हसतात आणि सोडून देतात. या म्हणीने फार नुकसान केले आहे. साठीनंतर बुद्धी गेलीच पाहिजे असे काही नाही. गावात नव्वदीचे आजोबा बांधाच्या खुणा आणि देण्याघेण्याचे आकडे अचूक सांगतात की नाही? ज्याची बुद्धी खरोखर ढासळते, त्याला आजार झालेला असतो.

अशा आजारांत सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे अल्झायमर. जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली तो प्रथम मांडला. त्यांची रोगी एक्कावन्न वर्षांची बाई होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा पेशींच्या मध्ये आणि पेशींच्या आत नको त्या प्रथिनांचे थर व गुंते साठलेले दिसले. हे साठणे लक्षणे दिसण्यापूर्वी दहा-वीस वर्षे चालू असते. आपल्या देशात साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सातांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे एकूण सुमारे 88 लाख लोकांना, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

वाण आणि हवामान

मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा द्राक्षाचाच दाखला देतो. थॉम्पसनचा वाण केवड्याला बळी पडतो हे आपल्याला माहीत आहे. पण म्हणून प्रत्येक बाग दरसाल केवड्याने जाते का? गोडी छाटणीनंतर पाऊस लागला, पाने ओली राहिली, विस्तार दाटला, फवारणी चुकली, म्हणजे रोग येतो. वाण तोच असूनही एकाची बाग जाते आणि शेजाऱ्याची वाचते.

अल्झायमरचे बरेचसे असेच आहे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर आपला धोका इतरांपेक्षा वाढतो, हे खरे. 'अपोई-4' नावाचे एक जनुक त्याला कारणीभूत ठरते. पण ते असलेल्या कित्येकांना आजार होत नाही, आणि ते नसलेल्या कित्येकांना होतो. म्हणून त्याची तपासणी करून घेण्यासाठी धावाधाव करू नये.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. काही थोड्या घराण्यांत आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो आणि चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो. अशा घरात प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असतो. शंभर रोग्यांत असा एखादाही क्वचितच सापडतो. आपल्या घरी दोन-तीन जणांना साठीच्या आतच आजार झाला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला जरूर दाखवावे. बाकीच्यांनी वाण सोडून हवामानाकडे लक्ष द्यावे.

आपल्या हातात काय आहे?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने 2024 साली चौदा कारणे सांगितली. ती सर्व जगातून टाळता आली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे 45 टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. हा हिशेब सगळ्या समाजाचा आहे, एका माणसाच्या हमीचा नाही. त्यांतील आपल्या शेतकरी घरांना लागू पडणारी कारणे पाहू.

पहिला रक्तदाब. तो दुखत-खुपत नाही, म्हणून आपण मोजत नाही. चाळिशीपासून वरचा आकडा 130 च्या आसपास किंवा आत राहील असे पाहावे. साखर आणि चरबी यांचेही तसेच. गावच्या आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व साखर फुकट तपासतात. गोळी सुरू झाली की "आता बरे वाटते" म्हणून परस्पर बंद करू नये.

दुसरे कान. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ट्रॅक्टर आणि ब्लोअरचा आवाज वर्षानुवर्षे कानावर आदळला की ऐकू कमी येते. ऐकू आले नाही की माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो आणि मेंदूला काम उरत नाही. अमेरिकेत 977 वृद्धांवर तीन वर्षे प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष 2023 साली आला. श्रवणयंत्राने सगळ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण सुमारे निम्म्याने मंदावली. तेव्हा फवारणीच्या वेळी नाकातोंडाला फडके बांधता, तसे कानालाही संरक्षण द्या. मोतीबिंदूही अंगावर काढू नका. दिसणे कमी झाले तरी धोका वाढतो.

तिसरे अंगमेहनत. "आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला?" असे म्हणतात. बायाबापड्या खुरपणी करतात, मजूर राबतात. पण ठिबक आणि ट्रॅक्टर आल्यापासून मालक मोटारसायकलवरून बाग पाहून येतो. मळ्यात पायी जावे. आठवड्यात दीडशे मिनिटे घाम येईल असे चालणे पुरे.

चौथे बिडी-सिगारेट आणि दारू. यांवर वेगळे लिहायला नको. मिश्री-तंबाखूही सोडावी, तोंडाच्या कर्करोगाचे भय तर आहेच. चुलीचा धूर घरात कोंडू देऊ नये.

पाचवे डोक्याला मार. मोटारसायकलवर शिरस्त्राण हवेच, मग बाजारपेठ दोन मैलांवर का असेना.

सहावे एकटेपण आणि उदासपणा. येथे खेड्याची श्रीमंती कामाला येते. भजनी मंडळ, सप्ताह, बचत गट, पारावरची बैठक, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला जाणारी दिंडी, यांत आई-वडिलांना जाऊ द्यावे. पाठांतर, नवा अभंग शिकणे, नातवाचा अभ्यास घेणे, हे मेंदूचे खत-पाणीच आहे. मुलींची शाळा मध्येच सोडवू नये. लहानपणीचे शिक्षण म्हातारपणी कामी येते, कारण कमी शिक्षण हेही त्या चौदांतले एक कारण आहे.

हे सगळे एकत्र केले तर फळ मिळते का? फिनलंडमध्ये धोका असलेल्या 1260 वृद्धांवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असा चारही बाजूंनी. 2015 साली निकाल आला : ज्यांनी हे केले त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली राहिली. एकाच खताने पीक येत नाही, तसेच हे आहे.

विसरणे सुरू झाले तर

लगेच अल्झायमर समजू नये. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, उदासपणा, पडल्यावर डोक्यात साठलेले रक्त, एखादे औषध, यांनीही माणूस विसरतो, आणि त्यांवर उपाय होतो. माळकरी घरांत ब-12 ची तपासणी अवश्य करावी. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच मिळते, आणि पुष्कळ घरी दूध सगळे डेअरीला जाते.

अल्झायमरच ठरला, तर तो मुळापासून बरा करणारे औषध नाही. काही गोळ्यांनी थोडा काळ आराम पडतो. पण घरच्यांना बरेच करता येते. गोव्यात 81 कुटुंबांवर केलेला प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच, थोडे शिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आजार समजावला, काळजी कशी घ्यायची ते सांगितले. त्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आपल्याकडे हा सारा भार बहुधा सुनेवर पडतो. तो मुलांनी आणि लेकींनीही वाटून घ्यावा. मन फार थकले तर 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते.

आणखी एक, शेतकऱ्याने तरी विसरू नये. वडिलांना समजते आहे तोवरच सातबारा, सोसायटीचे कर्ज, बँकेचे खाते, वाटणी यांचे सर्व भावांसमक्ष बोलून घ्यावे. नंतर घेतलेल्या अंगठ्यावरून भाऊबंदकी पेटते आणि म्हाताऱ्याची आबाळ होते. त्यांच्या खिशात नाव, गाव व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. विहिरीला कठडा करावा. औषधांची खोली कुलपात ठेवावी.

या महिन्यात करावयाची कामे

चाळिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब व साखर मोजून आकडे वहीत लिहावेत. साठीपुढच्यांचे कान-डोळे तपासून घ्यावेत. शिरस्त्राण खुंटीवरून काढून डोक्यावर चढवावे. ही कामे बागेतल्या फवारणीइतकीच वेळेवर व्हायला हवीत. बागेचा एक हंगाम गेला तर पुढच्या वर्षी सावरता येतो. मेंदूचे तसे नाही.