अ‍ॅप तेच, फोन वेगळा: 16 केबीच्या नियमाने अपडेट का अडतात?

प्ले स्टोअरवर 1 नोव्हेंबर 2025 पासून एक नियम लागू झालाय. अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेलं अ‍ॅप नवं असो वा जुन्या अ‍ॅपचं अपडेट असो, ते 16 केबी ‘पेज साइज’च्या 64-बिट फोनवर चाललंच पाहिजे. नाहीतर ते स्टोअरवर चढवता येत नाही. वाचायला हा डेव्हलपर लोकांचा आपापसातला मामला वाटतो. पण तुमच्या आवडत्या एखाद्या छोट्या अ‍ॅपची अपडेट अचानक थांबली असतील, तर त्यामागे हे कारण असू शकतं. मी रोज अँड्रॉइडसाठी सी++ कोड लिहितो, त्यामुळे यात नेमकं काय अडतं ते सांगतो.

पेज साइज म्हणजे काय?

तुमच्या फोनची रॅम एकेक बाइट करून वाटली जात नाही. ऑपरेटिंग सिस्टीम तिचे सारख्या आकाराचे तुकडे पाडते. त्यांना ‘पेज’ म्हणतात. अँड्रॉइडमध्ये हा तुकडा वर्षानुवर्षं 4 केबीचा होता. 8 जीबी रॅमचे असे तुकडे होतात 20,97,152. तुकडा 16 केबीचा केला की उरतात 5,24,288. म्हणजे हिशेबाची वही चौपट लहान.

वाळू छोट्या घमेल्याऐवजी मोठ्या घमेल्याने वाहिली की खेपा कमी होतात, तसंच हे. गुगलच्या सुरुवातीच्या चाचण्यांत, मेमरीवर ताण असताना अ‍ॅप सुरू व्हायचा वेळ सरासरी 3.16 टक्क्यांनी घटला. काही अ‍ॅपमध्ये तर 30 टक्क्यांपर्यंत. फोन चालू व्हायलाही सुमारे 8 टक्के कमी वेळ लागला. तोटा एवढाच की काही घमेली अर्धीच भरतात, म्हणून मेमरी थोडी जास्त लागते.

मग बिघडतं कुठे?

अ‍ॅप पूर्णपणे जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेलं असेल, आणि त्यात वापरलेल्या लायब्ररीही तशाच असतील, तर सहसा काहीच बिघडत नाही. पण व्हिडिओ, गेम, स्कॅनिंग, पीडीएफ अशा कामांसाठी बरीच अ‍ॅप सी किंवा सी++ मधल्या लायब्ररी जोडतात. त्या लायब्ररी आधीच कंपाइल करून ठेवलेल्या असतात. कोडचा कुठला भाग कितव्या बाइटच्या सीमेवर बसवायचा, हे लिंकर तेव्हाच ठरवून टाकतो. ती सीमा 4096 बाइटची असेल, तर 16 केबीच्या फोनला ती लायब्ररी मेमरीत नीट बसवता येत नाही. अ‍ॅप उघडताच बंद पडतं. अँड्रॉइड 16 मध्ये अशा अ‍ॅपला सांभाळून घेणारा मोड आहे, तो इशाराही दाखवतो. पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे.

हा घोळ फक्त अँड्रॉइडचा नाही. रास्पबेरी पाय 5 हा छोटा कॉम्प्युटर 2023 मध्ये आला आणि त्याच्या लिनक्समध्ये मुळातच 16 केबी पेज होतं. तिथे ‘जेईमॅलॉक’ ही मेमरी सांभाळणारी लायब्ररी वापरणारे काही प्रोग्राम सुरूच होईनात. कारण ती लायब्ररी बिल्ड होताना पेज साइज कोडमध्ये पक्की करून टाकते. दुरुस्ती होती बिल्डच्या एका सेटिंगची: 2 चा 14 वा घात, म्हणजे 16384, असं तिला आधीच सांगायचं.

दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर बिल्डची साधनं स्वतःचाच अंदाज धरून चालतात. तो अंदाज तुमच्या मशीनवर बरोबर ठरतो, पण दुसऱ्याच्या मशीनवर फसतो.

दुरुस्ती कशी करतात?

आधी तपासणी. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके अ‍ॅनालायझरमध्ये प्रत्येक लायब्ररीची सीमा 4 केबीची आहे की 16 केबीची, ते दिसतं. मग अँड्रॉइडचं एनडीके हे सी++ टूलकिट बदलायचं. त्याची 28 वी आवृत्ती आपोआप 16 केबीची सीमा धरते. जुनी आवृत्ती असेल तर लिंकरला ‘मॅक्स पेज साइज’ 16384 असं स्पष्ट सांगावं लागतं. अशी लायब्ररी 4 केबीच्या जुन्या फोनवरही चालते, त्यामुळे दोन वेगळी अ‍ॅप बनवायची गरज नाही.

पण फ्लॅग बदलला म्हणजे काम झालं असं नाही. कोडमध्ये कुणी 4096 हा आकडा थेट लिहिला असेल, तर बिल्ड व्यवस्थित होतं आणि अ‍ॅप चालताना कोसळतं. तो आकडा काढून पेज साइज सिस्टीमला विचारून घ्यावी लागते. आणि शेवटी 16 केबीच्या एम्युलेटरवर अ‍ॅप चालवून बघायचंच.

खरी अडचण सेटिंगची नाही

वरचं सगळं एक-दोन दिवसांचं काम आहे, पण सोर्स कोड हातात असेल तर. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये पीडीएफची लायब्ररी बाहेरून विकत घेतलेली होती. फक्त तयार फाइल मिळालेली, कोड नाही. अशा वेळी हातात एकच उपाय उरतो: विक्रेत्याला मेल करा आणि वाट बघा. मोठी कंपनी लायब्ररी बदलू शकते. एकट्याने मोफत अ‍ॅप चालवणारा मुलगा किंवा मुलगी काय करणार?

लक्षात घ्या, या नियमामुळे जुनं अ‍ॅप स्टोअरवरून गायब होत नाही. ते तिथेच राहतं, फक्त त्याचं पुढचं अपडेट अडतं. म्हणजे सुरक्षेची त्रुटी सापडली तरी तिची दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

तुम्ही काय करायचं?

आजचा तुमचा फोन बहुधा 4 केबीचाच आहे, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही. मात्र पैसे, कागदपत्रं किंवा फोटो हाताळणाऱ्या अ‍ॅपची शेवटची अपडेट तारीख प्ले स्टोअरवर बघा. वर्षभर हालचाल नसेल, तर तुमचा डेटा आधी बाहेर काढून ठेवा आणि पर्याय शोधा. 16 केबीचा इशारा दिसला तर तो व्हायरस नाही. त्याचा स्क्रीनशॉट डेव्हलपरला पाठवा. छोट्या डेव्हलपरकडे सगळ्या प्रकारचे फोन नसतात, त्यामुळे त्याला तुमचा तो एक मेसेज खरंच उपयोगी पडतो.