फुकटात झालेल्या सिनेमाचा हिशेब

गेल्या महिन्यात औरंगाबादच्या एका कॉलेजात आमची शॉर्ट फिल्म दाखवली. साडेतेरा मिनिटांची. संपल्यावर सूत्रसंचालकाने माइक माझ्या हातात दिला आणि पहिलाच प्रश्न केला, ‘सर, बजेट किती होतं?’ मी म्हणालो, ‘11,400 रुपये.’ सभागृहात टाळ्या पडल्या. फिल्म संपल्यावर पडल्या नव्हत्या इतक्या. मी मोठ्या रुबाबात सांगत राहिलो, सगळी टीम स्वयंसेवक, गंगापूरची आमच्या मोहल्ल्यातली पोरं, कुणी एक पैसा घेतला नाही वगैरे.

परतताना एसटीत आमचा नायक शेजारी बसला होता. वाळूज मागे पडेपर्यंत तो काही बोलला नाही. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला, ‘भाई, वो ग्यारा हजार में मेरे चार दिन गिने क्या?’

मी गिनले नव्हते.

हा मुलगा वाळूजच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होता. 450 रुपये हजेरी. शूटिंग सात दिवस चाललं, त्यातले तीन त्याच्या साप्ताहिक सुट्टीचे. उरलेल्या चार दिवसांचे खाडे झाले. चौथ्या खाड्यानंतर ठेकेदाराने त्याला ‘आता येऊ नको’ म्हणून सांगितलं. दीड महिना तो घरी होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण त्या दीड महिन्यात मी एडिटिंगमध्ये बुडालो होतो आणि रोज त्याचाच चेहरा स्क्रीनवर बघत होतो.

घरी येऊन वही काढली. आमचा खर्च असा होता: चहा-नाष्टा-जेवण 4,900, पेट्रोल 1,800, कॉलर माइक 1,700, केळीच्या हातगाडीचं भाडं सात दिवसांचं 1,400, मेमरी कार्ड 700 आणि थर्माकोल, सेल, झेरॉक्स मिळून 900. झाले 11,400. आता त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखला. नायकाचे चार खाडे, 1,800. वेल्डिंगच्या दुकानातला पोरगा, ज्याने जुन्या सायकलच्या चाकांवर कॅमेऱ्याची ट्रॉली बनवून दिली आणि पाच दिवस ती ढकलली, त्याची रोजची मजुरी 400, म्हणजे 2,000. माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याचा कॅमेरा इतर कुणी भाड्याने घेतला तर दिवसाला 2,500 पडतात. सात दिवसांचे 17,500. बेरीज 21,300. यात कॉलेजच्या पोरांचा वेळ नाही, माझ्या बहिणीने सात दिवस थापलेल्या भाकरी नाहीत, एडिटिंगचे तास नाहीत. म्हणजे ज्या आकड्यावर टाळ्या घेतल्या, त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम इतरांच्या खिशातून गेली होती. आमची फिल्म 11,400 रुपयांत झालेली नाही. ती किमान 32,700 रुपयांची आहे आणि त्यातला मोठा वाटा आमच्यातल्या सर्वात गरीब माणसांनी उचललेला आहे.

फिल्म कशावर होती, तेही सांगतो. आठवडी बाजारात केळी विकणारा एक बागवान आणि त्याची दहावी झालेली मुलगी. मुलीला ओबीसीचा दाखला हवा आहे. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबाच्या शाळेचा निर्गम उतारा मोठ्या मुश्किलीने सापडतो, पण त्यावर जातीच्या रकान्यात गुरुजींनी फक्त ‘मुसलमान’ लिहून ठेवलेलं असतं. एवढीच गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात हे घडलेलं नाही असं घर शोधावं लागेल. म्हणून तर पोरं फुकट आली. कुणालाही अभिनय शिकवावा लागला नाही. तहसीलच्या खिडकीसमोर कसं उभं राहायचं, हे सगळ्यांना पाठ होतं.

इथे एक गंमत सांगायला हवी. बाजारात शूटिंग करत असताना एक गृहस्थ आले नि विचारू लागले, कशाचं शूटिंग, कुणाची परवानगी, आधार कार्ड दाखवा. दोन दाढीवाली पोरं आणि एक कॅमेरा, एवढं पुरेसं होतं. गर्दी जमली. तेव्हा मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या गल्लीतली पोरं आहेत ती, तुमचं काय अडलंय?’ गर्दी पांगली. काकूंचा त्या दिवशीचा अर्धा तासाचा धंदा बुडाला. तोही आमच्या वहीत नाही.

कमी पैशांतल्या सिनेमाची गोष्ट निघाली की आपल्याकडे मालेगावचं नाव निघणारच. गंगापूरहून वैजापूर, येवला, मनमाड करत गेलं की मालेगाव. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा. तिथे नासिर शेख नावाच्या, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग, गावातलीच माणसं नट. नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. तो बनत असतानाच फैझा अहमद खान यांनी 2008 साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. सायकलवर बसून घेतलेले चालते शॉट, बैलगाडीच्या जुवाची केलेली क्रेन, तळ्यात पडलेला कॅमेरा; बघताना हसूही येतं आणि उर भरूनही येतो. आमच्या वेल्डिंगवाल्याची ट्रॉली त्याच माहितीपटातून आलेली आहे, हे कबूल करतो.

पण यंदा मी तो माहितीपट पुन्हा पाहिला तेव्हा नजर नासिरवर थांबली नाही, शफीक शेखवर थांबली. शफीक यंत्रमागावर काम करायचा. बारीक अंगाचा. निळ्या कपड्यांतला सुपरमॅन तोच. पुढे 2011 साली तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. गुटखा-तंबाखूने पोखरलेल्या गावातला मजूर पडद्यावर उडत होता, खाली त्याचं आयुष्य तसंच होतं. गेल्या वर्षी, 2025च्या फेब्रुवारीत, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला. चांगला सिनेमा आहे, मला आवडला. शफीकचं माणूसपण त्यात नीट उतरलंय. तरी डोक्यात एक किडा वळवळत राहिला. ज्या पोरांनी फुकट काम केलं, त्यांच्या फुकट कामाची गोष्ट सांगायला मात्र मोठं बजेट लागलं आणि तिथे प्रत्येकाला मेहनताना होता. यात कुणाची फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. ‘जुगाड’ या शब्दाचं जे कौतुक शहरात होतं, त्याबद्दल बोलतोय. जुगाड म्हणजे ज्याची किंमत दुसऱ्याने भरली आहे अशी वस्तू.

आणि हे फक्त मालेगावचं नाही. मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवातच अशी आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने त्यात गेले. साऱ्या कंपनीचा स्वयंपाक त्या करायच्या आणि रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडायला बसायच्या, कारण तेव्हा फिल्म भोकं न पाडलेली यायची. आज तिला आपण तंत्रज्ञ म्हटलं असतं. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. म्हणजे पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागचं बिनपगारी काम बाईचंच होतं. शंभरावर वर्षं झाली. आमच्या गंगापूरच्या शूटिंगला काय वेगळं होतं?

आमच्या फिल्ममधली आई शेजारची एक खाला करणार होती. तिने तालमी केल्या, संवाद तिचेच घातले होते. शूटिंगच्या आदल्या रात्री ती अम्मीकडे आली नि म्हणाली, ‘चेहरा नको बाबा. आवाज लेव मेरा, चेहरा नको.’ घरातून विरोध झाला होता का, तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्या रात्री मी चिडलो होतो. मोहल्ला कधी सुधारणार वगैरे भाषण मावसभावाला दिलं. तो म्हणाला, ‘तू पहले स्क्रिप्ट बदल.’ बदलली. आता आई फिल्मभर दाराच्या पडद्याआडून बोलते. हात दिसतात, बांगड्यांचा आवाज येतो. ‘अरे कायकू जारा रे भूका, रोटी खा को जा ना.’ औरंगाबादला एका प्राध्यापिकेने या ‘दिग्दर्शकीय निवडीचं’ फार कौतुक केलं. मी खाली मान घालून आभार मानले. निवड खालाची होती. श्रेयनामावलीत तिने नावही घालू दिलेलं नाही.

मालेगावच्या सिनेमांतही नायिका बाहेरगावाहून आणावी लागायची. आम्ही मुसलमान पुरुष यावर बोलतो तेव्हा दोनच सूर लागतात. एक, मोहल्ल्याला शिव्या घालायच्या. दोन, ‘आमची रीत आहे’ म्हणून विषय मिटवायचा. खालाला काय हवं होतं, हे दोन्हींत नाही. तिला काम करायचं होतं आणि त्याची किंमत तिला किती द्यावी लागेल याचा हिशेब तिने माझ्यापेक्षा नेमका केला होता. माझं काय गेलं असतं? काहीच नाही. फिल्म गाजली तर नाव माझं, वाद झाला तर शेजारपाजार तिचा.

भाषेबद्दलही बोलायला हवं, कारण ती फुकट मिळालेली सर्वात महाग गोष्ट होती. मराठी सिनेमात मुसलमान आला की बहुतेक वेळा सुरमा, अत्तर आणि लखनवी ‘जनाब’ घेऊनच येतो. आमच्याकडे ‘जनाब’ कुणी म्हणत नाही. घरात दखनी, बाजारात मराठी, शाळेच्या दाखल्यावर प्रमाण मराठी. आमच्या फिल्ममधली मुलगी बापाशी दखनीत बोलते आणि क्लार्कशी माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत. पैसे देऊन मुंबईहून नट आणले असते तर हे मिळालं नसतं. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’त, आणि पुढे ‘फँड्री’त, हेच दाखवून दिलं की ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडी ती शोभते. स्वयंसेवक टीमच्या बाजूने माझ्याकडे एवढा एकच खरा मुद्दा आहे, पण तो मोठा आहे. पैसा नसल्यामुळे आम्हाला आमचीच माणसं घ्यावी लागली आणि आमची माणसं अस्सल निघाली.

मग करायचं काय? मित्र म्हणतात, हजेरी द्यायला लागलो तर आपल्यासारख्यांच्या फिल्म बनणारच नाहीत. हे खरं आहे, आणि मी फिल्म बंद करा असं म्हणतही नाही. पण ज्याचं पोट महिन्याच्या पगारावर आहे त्याचा रविवार आणि ज्याचं पोट हजेरीवर आहे त्याचा मंगळवार, या दोन गोष्टी एका तराजूत ‘स्वयंसेवा’ म्हणून टाकता येत नाहीत. माझा एक दिवस गेला तर माझी रजा जाते. त्याचा गेला तर चूल जाते. पगारदाराने फुकट यावं, हजेरीवाल्याची हजेरी आधी बाजूला काढावी. पैसे कमी असतील तर फिल्म साडेतेराची आठ मिनिटांची करावी. सात दिवसांची पटकथा तीन सुट्ट्यांत बसवणं हे लेखकाचं काम आहे, नटाचं नाही. मी ते केलं नाही, कारण दिवस मला फुकट वाटत होते. बाजारातले चार शॉट तर मी फक्त ऊन तिरपं हवं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले. त्यातला एकही फिल्ममध्ये राहिलेला नाही.

दुसरं, श्रेयनामावली. आमच्या फिल्ममध्ये माझं नाव तीनदा येतं. कथा, पटकथा, दिग्दर्शन. वेल्डिंगवाल्याचं ‘विशेष आभार’मध्ये, आणखी अठरा नावांच्या गर्दीत, तीन सेकंद. त्याने फिल्म फोनवर थांबवून त्याच्या अब्बांना ते नाव दाखवलं, असं मला नंतर कळलं. ट्रॉली बनवणारा माणूस कॅमेरा विभागातला असतो, आभारातला नसतो. नवीन प्रतीत ती ओळ बदलली आहे. कथेपुढे आता माझ्याबरोबर नायकाचं नाव आहे, कारण निर्गम उताऱ्याचा किस्सा त्याच्या दादाजानचा होता. खालाच्या जागी ‘आईचा आवाज: शेजारची खाला’ एवढंच ठेवलंय. तिला विचारून.

नायकाला आता दुसरीकडे काम लागलं आहे. त्याचे 1,800 आणि वेल्डिंगवाल्याचे 2,000 मी दिले. नायकाने घेतले, वेल्डिंगवाल्याने आधी नको म्हटलं, मग त्याच्या अब्बांनी घेतले. मावसभावाने माझ्याकडे असं काही बघितलं की कॅमेऱ्याच्या 17,500चा विषय मी पुन्हा काढला नाही. दीड महिन्याच्या बेकारीचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि त्याने मागितलंही नाही.

पुढची फिल्म पितृपक्षात करायची ठरली आहे, कारण तेव्हा लग्नं नसतात आणि कॅमेरा मोकळा असतो. स्टेशनरीच्या दुकानातून लाल कापडी पाठीची हजेरीची वही आणली. परवा बैठकीत पहिल्या पानावर नावं लिहायला घेतली तर नायक म्हणाला, माझं नाव लिहायच्या आधी शूटिंग किती दिवसांचं ते लिहा. मी तीन लिहिले. तो म्हणाला, ‘पेन से लिखो, पेन्सिल से नको.’