पाटा वाढवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही



रिठदसारख्या गावात आज आपल्या माणसाच्या दारात चारचाकी दिसते ती बहुधा जुनी घेतलेली. कुणाची ओम्नी, कुणाची बोलेरो. बचत गटाची उचल, पाहुण्यांकडून हातउसने आणि घरच्या बाईचे चार मणी एवढे सगळे त्या गाडीत गेलेले असते. मग वाशीम-रिसोडच्या फेऱ्या, लग्नाची वऱ्हाडे, हंगामात सोयाबीनची पोती. अशाने गाडी मागून बसते, खड्ड्यात धाडकन आपटते. मालक म्हणतो, "एक पाटा वाढवून टाकू." रविवारी मेहुण्याला हाताशी घ्यायचे आणि अंगणातच काम उरकायचे. मजुरी वाचवण्याला माझा विरोध नाही. गॅरेजात राबून आपल्या पोरांनी हे कसब मिळवले आहे, ते घरच्या कामी यावेच. पण पाटा आणण्याआधी थोडा हिशेब करावा.

गाडी का बसली हे आधी पाहावे. पाटा तुटला असेल, त्याची कमान उतरली असेल किंवा टोकाचे बुश झिजले असतील. तसे असेल तर त्याच मापाचा नवा संच घालावा, त्यात काहीच वावगे नाही. शॉकअप बदलला की गाडी उचलते हा एक गैरसमज आहे. वजन पाटे पेलतात. शॉकअप फक्त उसळी आवरतो. अल्टो, वॅगन आर यांना तर मागे पाटेच नसतात, गुंडाळीची स्प्रिंग असते. ती दाबलेली असताना साध्या पान्याने सोडवू नये. सुटली तर तोंडावर येते.

आता हिशेब. पाच पाट्यांत त्याच रुंदी-जाडीचा सहावा घातला तर कडकपणा साधारण एक पंचमांशाने वाढतो. पण जाडी दुप्पट झाली तर कडकपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणून भंगारातून आणलेला ट्रकचा जाड पाटा लहान गाडीला घालणे हे शहाणपण नव्हे. रिकामी गाडी मागून उधळते, चाक रस्ता सोडते आणि पावसाळ्यात वळणावर मागचा भाग घसरतो.

शिवाय पाटा कडक झाला तरी एक्सल तोच, टायर तेच, ब्रेकही तेच राहतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला एक झडप असते. बॉडी एक्सलच्या किती जवळ आली यावरून ती ओझे ओळखते आणि त्या मानाने मागच्या चाकांना ब्रेक पुरवते. पाट्यामुळे गाडी खाली बसलीच नाही तर त्या झडपेला गाडी रिकामीच वाटते. म्हणजे पोती भरलेली, आणि मागचा ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा. हे बाहेरून कुणाला दिसत नाही.

कायदाही आहे. मालवाहू गाडीत ठरल्यापेक्षा जास्त वजन भरले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड लिहिला आहे. निर्मात्याच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. तेव्हा नोंदणीच्या कागदावर लिहिलेले एकूण वजन एकदा वाचावे. तो आकडा पाटा वाढवल्याने बदलत नाही.

असो. मूळ मापाचेच पाटे घरी बदलायचे ठरले तर जागा नीट निवडा. आपल्याकडची काळी माती वरून कोरडी दिसते, पण ओझे पडले की जॅक तिरपा होतो. काँक्रीटची सपाट जागा घ्या. बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. ओम्नी-बोलेरोत इंजिनाची ओढही मागच्याच चाकांना, म्हणजे गिअर टाकला तरी तो तिथेच धरणार. मागची चाके उचलली की दोन्ही उपाय संपतात आणि गाडी मोकळी होते. म्हणून आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. उचलली की दोन्ही बाजूंनी चेसिसखाली लोखंडी घोडी लावा. गॅरेजवाल्याकडून ती दिवसाच्या भाड्याने मिळते का विचारा. विटा रचू नका. वीट आधी काही सांगत नाही, एकदम फुटते. काढलेले चाकही चेसिसखाली आडवे ठेवा. पोरांना अंगणाबाहेर काढा, आणि एकट्याने खाली शिरू नका.

मग जॅक एक्सलखाली घेऊन त्याचे वजन पेला, शॉकअपचे खालचे टोक सोडवा, नंतर यू-बोल्ट, शेवटी पाट्याच्या टोकांचे बोल्ट. संच उघडताना मधला बोल्ट काढण्यापूर्वी शिकंज्यात घट्ट आवळा, नाहीतर पाटे उसळून बोटे चेचतात. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू नका. मधल्या बोल्टाचे डोके एक्सलच्या खाचेत बसले पाहिजे. नाहीतर एक्सल सरकतो आणि गाडी वाकडी चालते. टोकांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी केल्यावर. लटकत्या पाट्यावर आवळले तर रबराला पीळ बसून ते लवकर फाटते.

शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा ओढून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसले की ते हमखास सैल पडतात.